मोडीतून वाचलेले

लंडनच्या चीपसाइड रस्त्यावरची एक जुनी इमारत १९१२ साली पाडली जात होती. तळघराची जमीन उकरताना मजुरांच्या हाती मातीत लडबडलेला ऐवज लागला: मीनाकारीच्या लांबच लांब साखळ्या, अंगठ्या, लोलक, झुमके, सुटी रत्ने असे सगळे मिळून जवळजवळ पाचशे नग. बांधकामाच्या जागी जुनेपाने काही सापडले की ते जॉर्ज लॉरेन्स नावाच्या व्यापाऱ्याकडे न्यायचे आणि चार पैसे घ्यायचे, असा तेव्हा लंडनच्या मजुरांचा शिरस्ताच पडला होता. हा लॉरेन्स लंडन म्युझियमसाठीही वस्तू मिळवून देत असे, त्यामुळे ढिगाऱ्याचा बहुतेक भाग सराफाकडे न जाता संग्रहालयात गेला. त्यात एका खड्यावर कोरलेले व्हायकाउंट स्टॅफर्डचे चिन्ह आहे, आणि ती पदवी १६४० सालची. वरचे बांधकाम १६६६ च्या मोठ्या आगीनंतरचे. म्हणजे हा साठा या दोन सालांच्या मध्ये केव्हातरी पुरला गेला. कोलंबियाहून आलेला एक अखंड पाचू आतून पोखरून त्यात घड्याळ बसवलेले आहे आणि त्याचे झाकणही पाचूचेच आहे. पाचू इतका ठिसूळ की साधे कोंदण करतानाही तडकू शकतो. तो पोखरणाऱ्या कारागिराच्या हाताची कल्पना करताना मला आजही धडकी भरते.

त्या घड्याळाचेच फोटो सगळीकडे छापले जातात, पण मला अधिक मोलाच्या वाटतात त्या साखळ्या. पाने, फुले, गाठी असे बारीक दुवे जोडून केलेल्या आणि पांढऱ्या-हिरव्या मीन्याने रंगवलेल्या अशा साखळ्या त्या काळच्या इंग्रज स्त्रियांच्या तैलचित्रांत छातीवरून, खांद्यांवरून, कधी कमरेपर्यंत लोंबताना दिसतात. त्या घराघरांत होत्या, आणि तरीही चीपसाइडचा साठा सापडेपर्यंत त्यांच्यातले प्रत्यक्षात जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. फॅशन बदलली, साखळी मुशीत गेली. या साखळ्या पुरणारा मनुष्य पेटी उकरायला परत आला असता, तर वीस-पंचवीस वर्षांत त्याने किंवा त्याच्या मुलाने त्याही आटवल्याच असत्या.

पाश्चात्त्य दागिन्यांचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. पुस्तकांत शैली एकापाठोपाठ एक शिस्तीत उभ्या केलेल्या असतात: रोमन, गॉथिक, रेनेसान्स, बरोक, व्हिक्टोरियन, आर्ट नूव्हो, आर्ट डेको. वाचणाऱ्याला वाटते, प्रत्येक काळाने आपले सर्वोत्तम काम आपल्यासाठी राखून ठेवले आहे. मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या दागिन्यांच्या दालनात, जिथे तीन हजारांहून अधिक नग मांडलेले आहेत, बराच वेळ काढला, तेव्हा प्रत्येक काचेपुढे मला एकच प्रश्न पडत गेला: हा दागिना का मोडला गेला नाही? शैलीपेक्षा या प्रश्नाची उत्तरेच अधिक बोलकी निघाली. कुणी तो पुरला म्हणून, कुणी तो मृताच्या अंगावर ठेवला म्हणून, तो लोखंडाचा किंवा काचेचा होता म्हणून, त्यात कुणाचे तरी केस होते म्हणून. निव्वळ सुंदर आहे म्हणून राखलेले दागिने त्यात फार थोडे.

आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. आमच्या आजीच्या गोठ-पाटल्या मोडून आईच्या लग्नात बांगड्या झाल्या आणि त्या बांगड्यांतून पुढे दोन सुनांची मंगळसूत्रे. सोनाराने तूट किती धरली यावर घरात चर्चा झाली. पाटल्यांवरच्या नक्षीविषयी कुणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. यात काही चुकले असेही मला वाटत नाही. दागिना हा बाईच्या अंगावरचा पैसा होता आणि अडीनडीला पैसा वापरायचाच असतो. युरोपातही शतकानुशतके हाच हिशेब होता. फक्त तिथे मोडणाऱ्यांत राजेही होते.

सर्वांत जुन्या काळाचे सोने मात्र आश्चर्यकारक प्रमाणात हाती लागले आहे आणि त्याचे श्रेय थडग्यांना आहे. रोमजवळच्या चेर्वेतेरी येथे १८३६ मध्ये एत्रुस्कनांचे, म्हणजे रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्या लोकांचे, एक थडगे उघडले गेले. ते इसवी सनापूर्वी सातव्या शतकातले. त्यातल्या स्त्रीच्या वस्त्रावर सोन्याची एक भलीमोठी कपडेपिन होती, वीतभराहून लांब, तिच्या चकतीवर सिंह आणि खालच्या भागावर ओळीने बदके, आणि या आकृत्यांच्या कडा सोन्याच्या अतिसूक्ष्म रव्यांनी रेखलेल्या. एत्रुस्कनांच्या उत्तम कामात हे रवे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक रवा गोल आणि सुटा दिसतो. त्याच्या बुडाशी डाग, म्हणजे जोडण्यासाठी वापरायचा धातू, वितळून पसरल्याची खूण दिसत नाही. जोडकामाची थोडीफार माहिती असलेल्याला हे कोडे पडतेच, कारण नेहमीच्या पद्धतीने डाग दिला असता तर तो रव्यांच्या मधल्या फटी भरून सगळी नक्षी लिबलिबीत करून टाकता.

रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने या कोड्यापायी दोन पिढ्या घालवल्या. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी आणि त्याचे मुलगे अलेस्सांद्रो व आगुस्तो यांनी अशा उत्खननांतले दागिने जवळून अभ्यासले, मार्के प्रांतातल्या सांतांजेलो इन व्हादो या गावी जुन्या धाटणीचे काम करणारे कारागीर शोधून त्यांना रोमला आणले, आणि एत्रुस्कन, ग्रीक, रोमन घाटाचे दागिने घडवून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सगळ्या युरोपला त्यांचे वेड लावले. त्यांचे काम देखणे आहे, तरी मूळ रव्यांची बारकाई त्यांना पुरती साधली नाही. विसाव्या शतकात लिटलडेल नावाच्या इंग्रज कारागिराने रीत दाखवून दिली: तांब्याचा क्षार आणि सरस यांच्या मिश्रणाने रवे चिकटवायचे आणि तापवायचे, सरस जळून त्याचा कोळसा होतो, त्या कोळशाने क्षारातले तांबे मोकळे होते आणि रवा जिथे पृष्ठभागाला टेकतो तेवढ्याच बिंदूवर ते सोन्यात मुरते. वेगळा डाग द्यावाच लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या हातांनी हे काम केले, त्यांची एक ओळही मागे राहिलेली नाही. काम राहिले, कारण ते प्रेताबरोबर बंद केले गेले.

ख्रिस्ती धर्म पसरला तसा मृताबरोबर ऐवज पुरण्याचा प्रघात मागे पडला आणि दागिन्यांच्या इतिहासात एकाएकी अंधार दाटतो. इंग्लंडमध्ये सफोकच्या सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेले सातव्या शतकातले राजेशाही दफन, त्यातल्या सोन्यात कापून बसवलेल्या लाल गार्नेटांसह, या उंबरठ्यावरचे आहे. त्यानंतरचे सोने वारसांकडे गेले, वारसांकडून सोनाराकडे, सोनाराकडून मुशीत. मध्ययुगाचे जे उरले त्यात चर्चला वाहिलेल्या वस्तूंचा वाटा मोठा आहे. दरम्यान कुणी काय घालावे हे ठरवणारे कायदे होतच होते. तिसऱ्या एडवर्डच्या १३६३ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कारागिरांना आणि त्यांच्या बायकामुलांना सोन्याचांदीचे दागिने वर्ज्य केले. असे कायदे पुनःपुन्हा करावे लागले यावरून ते कितपत पाळले जात होते हे उमगते.

राजाच्या बाबतीत तर मोडणे हीच राजकीय कृती होऊ शकते. पहिल्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाल्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटने राजमुकुट आणि राजचिन्हे पूर्णपणे मोडून टाकण्याचा हुकूम दिला. रत्ने विकली गेली, सोन्याची टांकसाळीत नाणी पाडली गेली. सोन्याचांदीच्या कामातला बाराव्या शतकातला एक अभिषेकाचा चमचा तेवढा वाचला. राजाच्या पदरी असलेल्या क्लेमेंट किनर्सली नावाच्या माणसाने तो १६ शिलिंगांना विकत घेतला आणि दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर निमूटपणे परत दिला. चमचा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा आहे. शुद्ध सोन्याचा असता तर तो १६ शिलिंगांना मिळाला नसता, आणि टांकसाळीतून सुटलाही नसता.

सतराव्या शतकापासून पुढे सोन्यापेक्षा हिरा वरचढ झाला आणि मोडण्याची रीतही बदलली. सोने आटवून त्याचे रूप संपवता येते. हिरा राहतो, पण त्याचे कोंदण जाते, आणि पुष्कळदा त्याचे पैलूही. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत युरोपात येणारे बहुतेक हिरे हिंदुस्थानातले होते. गोवळकोंड्याच्या राज्यातला एक निळा हिरा, सुमारे ११५ कॅरटचा, झाँ-बातीस्त ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने १६६८ मध्ये चौदाव्या लुईला विकला. आपल्याकडच्या पैलूकारांचा कल दगडाचे वजन राखण्याकडे असे, पॅरिसला झगमगाट हवा होता. म्हणून १६७३ पर्यंत तो कापून सुमारे ६९ कॅरटचा झाला. पंधराव्या लुईने तो एका मानचिन्हात जडवला. क्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये तो चोरीला गेला आणि वीस वर्षांनी लंडनमध्ये एक वेगळाच, लहान, निळा हिरा उगवला. तोच आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये होप हिरा म्हणून ठेवलेला आहे, ४५.५२ कॅरटचा. एकाच दगडाच्या अंगावरून तीन काळांची आवड तासून काढलेली आहे, आणि त्यातली शेवटचीच काय ती डोळ्यांना दिसते.

अठराव्या शतकातल्या हिऱ्यांच्या दागिन्यांची खरी वेळ रात्रीची होती. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात लखलखावे म्हणून हिरे चांदीत जडवले जात, कारण पिवळ्या सोन्याची झाक पांढऱ्या दगडात उतरते. चांदीने कपड्यांना आणि कातडीला काळे डाग पडू नयेत म्हणून मागे सोन्याचा पत्रा. खड्याच्या पाठीमागे बहुधा बंद कोंदण असे आणि चकाकी वाढवण्यासाठी आत धातूचा पातळ वर्ख. शतकाच्या अखेरीकडे कोंदणे मागून उघडी होऊ लागली, पैलू पाडण्याची कला पुढे गेली, आणि मालकांनी आपले हिरे काढून पुन्हा पुन्हा नव्या घाटात बसवले. त्यामुळे अठराव्या शतकातला हिऱ्याचा दागिना मूळ रूपात दिसणे दुर्मीळ, आणि काचेचा दिसणे त्या मानाने सोपे.

या काचेविषयी थोडे अधिक सांगायला हवे. स्ट्रासबुर्गकडून पॅरिसला आलेला जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास याने शिसे मिसळलेल्या चमकदार काचेचे खडे इतके नामांकित केले की १७३४ मध्ये तो थेट राजाचा जवाहिऱ्या झाला. खोटे खडे विकणारा राजाचा जवाहिऱ्या! त्या काळाला यात काही वावगे वाटले नाही, आणि मला वाटते त्या काळाचेच बरोबर होते. हिरा कापायचा तर दगड सांगेल तसे वागावे लागते, थोडेसे वजनही वाया घालवायचे जिवावर येते. काच मात्र हवी तशी कापता येते. म्हणून स्ट्रासच्या धाटणीच्या दागिन्यांत खड्यांचे आकार एकमेकांना घासून, मध्ये फट न ठेवता, पाकळीला पाकळी लागावी तसे बसवलेले दिसतात, आणि अशी मोकळीक अस्सल हिऱ्यांच्या कारागिराला क्वचितच मिळे. जवळून पाहिले तर खड्याच्या मधोमध एक काळा ठिपका आढळतो. त्या काळच्या हिऱ्याचे खालचे टोक किंचित सपाट कापलेले असे आणि वरून पाहताना ते काळसर दिसे. काचेच्या खड्याच्या तळाशी रंगाचा टिपका देऊन तेच भासवलेले असते. नक्कल अस्सलाची इतकी इमानी होती की आज अस्सल कसे दिसत असेल हे आपण नकलेवरून ताडतो.

दागिन्यांच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो लोखंडाचा काळ. बर्लिनमध्ये १८०४ साली राजाश्रयाने ओतकामाचा कारखाना निघाला. तोफा, पुतळे, रेलिंग यांबरोबर तिथे पुढे ब्रोच, गळ्यातले हार आणि कर्णभूषणेही ओतली जाऊ लागली. बारीक वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या जाळ्या, गॉथिक चर्चच्या खिडक्यांसारख्या कमानी, वेलबुट्ट्या, कधी तारेच्या विणकामासारखी लवचीक साखळी. आणि गंज चढू नये म्हणून वर काळा लेप. हातात घेतल्यावर हे दागिने अपेक्षेपेक्षा फार हलके लागतात, कारण ओतकाम कमालीचे पातळ आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी १८१३ मध्ये प्रशियाची राजकन्या मारियाने हिने स्त्रियांना सोने देण्याचे आवाहन केले, आणि ज्यांनी अंगावरचे सोने दिले त्यांना लोखंडी अंगठ्या मिळाल्या. ‘लोखंडासाठी मी सोने दिले’ अशा अर्थाची जर्मन ओळ त्यांवर असे. त्याच वर्षी राजाने लोखंडी क्रॉस हे शौर्यपदकही सुरू केले. पाहता पाहता सोने घालून समारंभाला जाणे ही लाजेची गोष्ट ठरली आणि काळे लोखंड ही अभिमानाची.

त्या स्त्रियांनी दिलेले सोने मागच्या पिढ्यांतले होते, विवाहाच्या अंगठ्या होत्या, आईकडून आलेल्या साखळ्या होत्या. ते सर्व आटले. बदल्यात मिळालेले लोखंड मात्र आज जगभरच्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहे, कारण त्याला मोडीत कुणी कवडीही दिली नसती. हाच प्रयोग जर्मनीने पहिल्या महायुद्धात पुन्हा केला. मुसोलिनीने १८ डिसेंबर १९३५ रोजी, इथिओपियावरच्या आक्रमणाच्या काळात, इटालियन बायकांकडून लग्नाच्या अंगठ्या मागवल्या, राणी एलेनाने आपली अंगठी दिली, आणि बदल्यात सर्वांना पोलादी अंगठ्या मिळाल्या. पण १८१३ च्या कामात जी कलाकुसर होती ती या पोलादी वळ्यांत नाही.

व्हिक्टोरियन काळात आणखी एका कारणाने दागिने वाचले. मृत्यूची आठवण म्हणून अंगठ्या वाटण्याची चाल इंग्लंडमध्ये त्याआधीपासून होती. रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स १७०३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावाने शंभराहून अधिक अंगठ्या वाटल्या गेल्या. अविवाहित तरुणांसाठी आणि मुलांसाठी पांढरा मीना, इतरांसाठी काळा, अश्रूंच्या जागी मोती, अशी या दागिन्यांची ठरीव भाषा होती. प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने जे काळे वस्त्र धारण केले ते शेवटपर्यंत उतरवले नाही, आणि तिच्यामागोमाग सगळ्या समाजाने शोक अंगावर वागवायला सुरुवात केली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचे व्हिटबी हे गाव यावर काही काळ श्रीमंत झाले. तिथल्या खडकांत सापडणारे जेट म्हणजे कोट्यवधी वर्षे दबून राहिलेले लाकूड; दिसायला काळा दगड, उचलले तर पिसासारखे हलके, आणि हाताला ऊबदार लागणारे. काळ्या काचेची त्याची नक्कल जड आणि गार लागते. खऱ्या जेटची ओळख पटवायची जुनी रीत अशी की बिनझिलईच्या चिनी मातीवर घासायचे. तपकिरी रेघ उमटली तर माल अस्सल.

केसांचे दागिने पाहून मात्र आपल्याला पहिल्यांदा किळसच येते, निदान मला आली. आपल्याकडे गळालेला केस अन्नात निघाला तर ताट बाजूला सारतात, आणि इथे मृत नवऱ्याच्या केसांची वेणी घालून तिचे ब्रेसलेट. पण ते घडवण्याची रीत समजून घेतल्यावर मत बदलते. केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांतला तेलकटपणा काढायचा, लांबीप्रमाणे निवडायचे, मोजक्या केसांच्या बटा करून प्रत्येकीच्या टोकाला शिशाचे वजन बांधायचे, मधोमध भोक असलेल्या गोल टेबलाभोवती त्या लोंबत्या सोडायच्या आणि एका साच्याभोवती ठरलेल्या क्रमाने फिरवत विणत जायचे. मग पुन्हा उकळून, वाळवून साचा काढून घ्यायचा. उरते ती केसांची पोकळ, लवचीक दोरी. स्वीडनमधल्या व्होमहुस गावच्या बायका हे काम करत युरोपभर हिंडत असत. इंग्लंड-अमेरिकेत हे विणकाम घरी शिकवणाऱ्या पुस्तिका खपत, आणि त्यामागे एक व्यावहारिक संशय होता: दुकानात दिलेले केस कारागीर बदलून दुसऱ्याच कुणाचे वापरणार नाही कशावरून? सोनाराच्या हातचलाखीचे भय आपल्यालाही परके नाही, पण इथे ते सोन्यासाठी नव्हते. असे दागिने पुढच्या पिढीला नकोसे झाले, तरी मोडता आले नाहीत. टोकांच्या सोन्याच्या टोप्या तोळाभरही भरत नसत, आणि पणजोबांच्या केसांचे करायचे काय? ते पेटीच्या तळाशी राहिले.

फ्रान्समध्ये याच सुमारास उलटे घडत होते. तिसऱ्या प्रजासत्ताकाने १८८७ च्या मे महिन्यात राजघराण्याचे दागिने लिलावात काढले. राजेशाही परतू नये म्हणून तिची आभूषणेच उरू द्यायची नाहीत, हा त्यामागचा विचार. टिफनीसारख्या व्यापाऱ्यांनी मोठी खरेदी केली. कित्येक दागिने सुटे होऊन त्यांतले हिरे नव्या श्रीमंतांच्या अंगठ्यांत आणि हारांत गेले. सम्राज्ञी युजेनीचा १८५५ च्या सुमाराचा गाठीच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच त्यातून कसाबसा अखंड राहिला, आणि २००८ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने तो मोठी रक्कम मोजून परत मिळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये लूव्रच्या अपोलो दालनातून आठ दागिने चोरीला गेले त्यांत हाही होता. बातमी आल्यावर जाणकारांनी पहिली भीती व्यक्त केली ती हीच, की चोर ते आहेत तसे विकू शकणार नाहीत. हिरे सुटे करतील, कापतील, आणि चांदी-सोने आटवतील.

रने लालिक या फ्रेंच कलावंताने हे सगळे ओळखून आपले काम केले असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या कामात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याने शिंग, काच, मीना, ओपल, चंद्रमणी अशी साधने दागिन्यांच्या मध्यभागी आणली आणि हिऱ्याला कडेला बसवले. गुराच्या शिंगाचा त्याचा केसांत खोवायचा फणा पाहिला की शिंगाची धुरकट पारदर्शकता त्याला कशी वापरता आली याचे नवल वाटते. मोडायला आत काहीच नाही, आणि तरी पॅरिसच्या धनिक बायका त्यासाठी रत्नांचे पैसे मोजत होत्या. त्याची प्रसिद्ध चतुर-स्त्री, पाव मीटरहून थोडी रुंद, लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे: चतुर कीटकाच्या जबड्यातून वर येणारे हिरव्या दगडातले स्त्रीचे अर्धे शरीर, बिजागऱ्यांवर हलणारे पंख, त्यांत मागून उजेड आरपार येईल असा मीना, आणि खाली सोन्याचे अक्राळविक्राळ पंजे. इतकी मोठी वस्तू अंगावर कोण घालणार? तेलाच्या धंद्यातल्या कालूस्त गुलबेंकियनने ती बहुधा पाहण्यासाठीच घेतली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लालिकपुढे गर्दी लोटली. पण दहा-बारा वर्षांत ही शैली ओसरली आणि लालिक स्वतः दागिने सोडून काचेकडे वळला.

त्याच वेळी कार्तिएसारख्या पेढ्यांत प्लॅटिनम आले. या धातूचा वितळणबिंदू जवळपास १७७० अंश सेल्सियस, त्यामुळे तो पूर्वी सोनारांच्या आवाक्याबाहेर होता. नव्या ज्वाला हाती आल्यावर त्याच्या सुतासारख्या तारांत हिरे बसवता येऊ लागले आणि चांदीचे जाड कोंदण कायमचे गेले. १९१४ नंतर केस आखूड झाले, टियारा, म्हणजे मुकुटासारखी शिरोभूषणे, नकोसे झाले, आणि पुन्हा मोडतोड. आर्ट डेकोच्या भूमितीवर इतके लिहून झाले आहे की मी ते सोडून देतो.

मोत्याची गोष्ट मात्र सोडवत नाही, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. आखातातले मोती, ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो आणि जे जुन्या मराठी नथींत अजून सापडतात, ते त्या काळी मोठ्या प्रमाणावर मुंबईत येत, तिथे निवडले जात, वेजले जात आणि पॅरिस-लंडनला रवाना होत. मधल्या दलालांना टाळून थेट माल मिळावा म्हणून कार्तिए घराण्यातला झाक १९१२ मध्ये आखातात जाऊन आला. मोत्याचा भाव तेव्हा हिऱ्याच्या तोडीचा होता. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा मॉर्टन प्लांट यांचा राजवाड्यासारखा बंगला कार्तिएने १९१७ मध्ये १०० डॉलर आणि दुपदरी मोत्यांचा एक हार देऊन घेतला. हाराची किंमत धरली होती १० लाख डॉलर. पुढे मिकिमोतोसारख्या जपान्यांचे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी, आणि नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला. श्रीमती प्लांट यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये तो हार लिलावात निघाला तेव्हा त्याचे दीड लाख डॉलरच्या आसपास आले. बंगला अजून कार्तिएकडे आहे.

युद्धोत्तर काळात काही युरोपीय कलावंतांनी या हिशेबावरच हत्यार उगारले. डच कलावंत खाइस बाकर याने १९७३ मध्ये दंडावर सोन्याची तार घट्ट आवळली आणि काढल्यावर कातडीत उमटलेला वळ हाच दागिना असे म्हटले. तो वळ थोड्याच वेळात विरून जाई. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि म्युनिचमध्ये काम केलेल्या ऑटो क्युन्झ्लीचे १९८० चे कडे काळ्या रबराच्या नळीचे आहे. नळी एके ठिकाणी फुगलेली असते. आत सोन्याची एक गोळी आहे, आणि ‘सोने आंधळे करते’ असे कड्याचे नाव. विकत घेणाऱ्याला गोळी दिसत नाही. ती खरोखर सोन्याची आहे ना, असे कुणी मला विचारले तर मी त्याला सोनाराकडे पाठवीन. सोनार म्हणेल, रबर कापावे लागेल, आणि कापल्यावर हाती चार पैशांचे सोने येईल.